लोकनेत्याचा सावधपणा आणि एका सहीचा प्रश्न

एखादी रूढी अन्याय्य आहे हे ज्याला मनोमन पटलेले आहे, ते चारचौघांत बोलून दाखवण्याची ज्याची तयारी आहे आणि ज्याच्या एका कृतीने हजारो अनुयायांच्या मनातला अडसर निघू शकतो, अशा लोकनेत्याने ऐन वेळी ती कृतीच टाळली, तर त्या टाळण्याला दूरदृष्टी म्हणावे की कर्तव्यच्युती, हा प्रश्न वरवर पाहता राजकारणाचा वाटतो. त्याचे मूळ मात्र धर्मविचारात आहे. राजकारण कृतीचे मोल तिच्या परिणामांवरून ठरवते आणि म्हणून तेथे सावधपणाची बाजू नेहमीच भक्कम असते. वेळ आलेली नव्हती, लोक तयार नव्हते, घाई केली असती तर हातचेही गेले असते, असे म्हणता येते आणि बहुधा ते खोटेही नसते. धर्मविचारात, विशेषतः ज्या परंपरेत आचार हाच धर्माचा पहिला पुरावा मानला जातो त्या परंपरेत, विचारणा अखेर कर्त्याच्या स्वतःच्या वागण्यापाशी येते, आणि तेथे लोक तयार नव्हते हे उत्तर पुरे पडत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न मार्च १९१८ मध्ये मुंबईत अगदी उघडा पडला. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने तेथे भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे होते आणि लोकमान्य टिळक त्या व्यासपीठावर आले होते. अस्पृश्यता देवाला मान्य असेल तर अशा देवाला आपण देवच मानणार नाही, या आशयाचे टिळकांचे उद्गार त्या परिषदेतलेच असून ते आजही जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून ऐकू येतात. त्याच परिषदेत एक जाहीरनामा सह्यांसाठी पुढे आला. त्यावर सही करणाऱ्याने आपल्या रोजच्या व्यवहारात आपण अस्पृश्यता पाळणार नाही अशी वैयक्तिक हमी द्यायची होती. टिळकांनी त्या कागदावर सही केली नाही.

टिळकांचे ते उद्गार आणि ही न केलेली सही यांतले अंतर नीट मोजायचे तर आधी उद्गारांचे वजन ध्यानात घ्यावे लागते. एखादी गोष्ट देवाला आवडते म्हणून चांगली, की ती चांगली आहे म्हणून देवाला आवडते, हा प्रश्न प्लेटोने 'यूथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडी घातला आहे आणि ईश्वरवादी तत्त्वज्ञानाला तो आजतागायत सुटलेला नाही. टिळकांच्या वाक्यात त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे: न्याय आधी, देव नंतर, आणि न्यायाच्या कसोटीला न उतरणारा देव हा देवपणास पात्र नाही. सनातन्यांचा आधारस्तंभ मानल्या गेलेल्या माणसाने केलेले हे विधान कोणत्याही सुधारकाच्या विधानापेक्षा कमी धाडसी नव्हते. प्रार्थना समाजाच्या उपासनेतही देवाला अशी उघड अट घातलेली सहसा आढळत नाही. देवाला अट घालणाऱ्या या माणसाला आपल्या अनुयायांना मात्र अट घालता आली नाही, हेच त्या प्रसंगाचे मर्म आहे.

शिंदे यांच्या अपेक्षाभंगाचे स्वरूपही याच मर्मातून उलगडते. जमखंडीत १८७३ मध्ये जन्मलेले, ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात १९०१ ते १९०३ या काळात तौलनिक धर्मशास्त्र शिकलेले आणि १९०६ मध्ये मुंबईत निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजे पुढे 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' या नावाने सर्वतोमुखी झालेली संस्था, उभी करणारे शिंदे टिळकांचे विरोधक नव्हते. अस्पृश्यतेविरुद्धचा ठराव काँग्रेसच्या व्यासपीठावर आला तो डिसेंबर १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात; त्याआधी सामाजिक प्रश्न काँग्रेसबाहेर ठेवण्याचीच रीत होती. हा ठराव केवळ कागदावर राहू नये यासाठी राष्ट्रीय पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्याला स्वतःच्या आचाराची जोड द्यावी, एवढेच शिंद्यांचे मागणे होते. विरोधकाने नकार दिला तर राग येतो. ज्याने तत्त्व मान्य केले, ते आपल्यापेक्षाही प्रखर शब्दांत मांडले आणि मग कागद समोर येताच हात आवरता घेतला, त्याच्याविषयी वाटते ते वेगळे असते, कारण त्यात प्रतिपक्षावर दोष ढकलण्याची सोय नसते.

हा भित्रेपणा होता असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा आणि १९०८ च्या खटल्यात सहा वर्षांची, तीही मंडालेच्या तुरुंगात, ज्याने पत्करली, त्याच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचा अधिकार फार थोड्यांना आहे. कोड्याची गाठ हीच आहे की सहा वर्षांच्या हद्दपारीला जो डगमगला नाही तो सहीपुरता थांबला. या गाठीकडे पाहण्याची एक दृष्टी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जानेवारी १९४३ मध्ये पुण्यातच, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात पुरवली. सरकारशी झुंजणाऱ्याच्या पाठीशी त्याचा समाज उभा असतो आणि तुरुंगातून सुटल्यावर त्याला हार घालायला माणसे जमतात. समाजाशीच झुंजणारा एकटा पडतो, त्याला हार मिळत नाहीत, बहिष्कार मिळतो. म्हणून समाजसुधारकाचे धैर्य राजबंद्याच्या धैर्यापेक्षा वरच्या प्रतीचे आहे, अशा आशयाचा तो युक्तिवाद होता. तो मान्य केला म्हणजे टिळकांचे एक धैर्य अफाट आणि दुसरे मर्यादित होते असे म्हणण्यात विसंगती राहत नाही, कारण ती दोन धैर्ये मुळातच निराळ्या जातीची आहेत.

टिळकांची बाजू मांडायची तर ती पूर्णपणे मांडली पाहिजे, कारण अर्धवट मांडून तिच्यावर मात करण्यात काही पुरुषार्थ नाही. पहिली गोष्ट अशी की लोकनेत्याची सत्ता उसनी असते. सयाजीराव गायकवाड आपल्या संस्थानात १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण हुकुमाने लागू करू शकले. शाहू महाराजांना २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने कोल्हापूर दरबारातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवता आल्या. त्यांच्यामागे गादी होती. टिळकांच्या मागे फक्त माणसे होती, आणि त्यांतली बरीचशी अशी होती की जी स्वराज्यासाठी तुरुंगात जायला तयार होती, पण पंक्तिप्रपंच, म्हणजे कोण कोणाच्या शेजारी बसून जेवतो याचे काटेकोर नियम, सोडायला तयार नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे राजकीय सत्ता हाती नसताना समाजात फूट पाडणारा प्रश्न पेटवणे परक्या सरकारच्याच पथ्यावर पडेल, ही भीती निराधार नव्हती. तिसरी गोष्ट तत्त्वाची आहे, आणि तिला धर्मशास्त्रात जुना आधार आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात असा एक नियम आहे की एखादे कर्म धर्म्य, म्हणजे शास्त्राला धरून असले, तरी लोकांना ते द्वेष्य वाटत असेल तर ते आचरू नये. अशा कर्माला 'लोकविद्विष्ट' ही संज्ञा आहे. सुधारणेच्या विरोधकांना हा नियम अतिशय सोयीचा वाटला यात नवल नाही, कारण विधवाविवाहाला शास्त्राधार सापडला तरी तो लोकविद्विष्ट आहे एवढे म्हटले की वाद मिटत असे. पण या नियमाचा इतिहास पाहिला तर तो उलट्या दिशेनेही चाललेला दिसतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात 'मिताक्षरा' ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने थोरल्या भावाला वडिलोपार्जित मिळकतीत जादा वाटा देण्याची शास्त्रोक्त पद्धत लोकविद्विष्ट ठरवून बाजूला सारली आणि सर्व भावांना सारखा वाटा हा नियम पक्का केला. अतिथीसाठी पशू मारण्याचे जुने विधानही त्याने याच वर्गात घातले. म्हणजे शास्त्र सांगते पण लोकांच्या न्यायबुद्धीला पटत नाही, अशा ठिकाणी शास्त्राला मुरड घालण्याचे ते एक साधन होते. ज्या साधनाने धर्म बदलला त्याच साधनाने पुढे धर्म गोठवला गेला, आणि यातला फरक नियमात नसून 'लोक' या शब्दात कोणाला धरायचे यात आहे. अस्पृश्यता लोकांना प्रिय आहे असे १९१८ मध्ये म्हणणाऱ्याने ज्यांना अस्पृश्य मानले जात होते त्यांना लोकांतून आधीच वगळलेले होते. त्यांना एकदा मोजणीत घेतले की सर्वाधिक लोकविद्विष्ट गोष्ट अस्पृश्यता हीच ठरते. टिळकांसारख्या शास्त्र जाणणाऱ्या पंडिताला हा युक्तिवाद सुचण्यासारखा नव्हता असे मानता येत नाही.

टिळकांच्या तत्त्वाची खरी परीक्षा त्यांच्याच आधीच्या एका भूमिकेने होते. १८९० च्या सुमारास संमतिवयाचा वाद पेटला होता. विवाहित मुलीशी शरीरसंबंधाची कायदेशीर किमान वयोमर्यादा दहावरून बारावर नेणारे विधेयक सरकारने आणले, ते मार्च १८९१ मध्ये मंजूर झाले, आणि टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा आक्षेप हिंदूंच्या धर्माचारात परक्या सरकारने कायद्याने हात घालण्याला होता. त्याच वादात त्यांनी सुधारकांपुढे एक उलट प्रस्तावही ठेवला होता. ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी कायद्याकडे धावण्याऐवजी एका प्रतिज्ञापत्रावर सह्या कराव्यात: मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत आणि मुलाचे वीस वर्षांच्या आत करणार नाही, चाळिशीनंतर लग्न करणार नाही आणि केलेच तर विधवेशी करीन, हुंडा घेणार नाही, विधवांचे केशवपन होऊ देणार नाही, दारू पिणार नाही, मिळकतीचा दहावा भाग सार्वजनिक कामाला देईन. ही कलमे आज वाचताना लक्षात येते की त्यांतली काही सरकारी विधेयकाच्या कितीतरी पुढे जाणारी होती. त्यांच्यामागचे तत्त्व निर्दोष होते. बाहेरून लादलेला नियम हा धर्म होऊ शकत नाही, स्वतः घेतलेले व्रत मात्र होऊ शकते, आणि म्हणून सुधारकाने आधी स्वतःला बांधून घ्यावे.

आता १९१८ चा जाहीरनामा या कसोटीला लावून पाहावा. त्यात सरकार नव्हते, कायदा नव्हता, शिक्षा नव्हती, परका माणूस नव्हता. हिंदूंनी हिंदूंपुढे ठेवलेला तो स्वेच्छेचा कागद होता आणि सही करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणालाही तो बांधत नव्हता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी टिळकांनी जो आकार मागितला होता तोच आकार त्याला होता. म्हणून संमतिवयाच्या वादात टिळकांच्या बाजूने जे जे बोलता येते, आणि ते पुष्कळ आहे, त्यांतले काहीही या प्रसंगी उपयोगी पडत नाही. शिंद्यांच्या अपेक्षाभंगाचा पाया इतका भक्कम आहे याची कल्पना टिळकभक्तांना आणि टिळकनिंदकांना सारखीच कमी असते, कारण एक पक्ष १८९० चे प्रतिज्ञापत्र विसरतो आणि दुसरा ते कधी वाचतच नाही.

मंडालेत लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'कडे वळल्यावर हीच फट अधिक खोल दिसते. ज्ञानी पुरुषाने कर्म सोडू नये, लोकसंग्रहासाठी ते करीत राहावे, हे त्या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे. लोकसंग्रह म्हणजे समाजाला एकत्र धरून योग्य मार्गावर ठेवणे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात या कल्पनेच्या आगेमागे दोन निरनिराळ्या सूचना आहेत. एकविसाव्या श्लोकाचा आशय असा की श्रेष्ठ माणूस जसे वागतो तसे इतर वागतात आणि तो जे प्रमाण मानतो त्याच्यामागे लोक जातात. सव्विसाव्याचा आशय असा की कर्मात गुंतलेल्या अज्ञ लोकांचा ज्ञान्याने बुद्धिभेद करू नये, म्हणजे त्यांच्या श्रद्धेची घडी एकाएकी विसकटून टाकू नये. पहिली सूचना पुढाऱ्यावर आचरणाचे ओझे टाकते, दुसरी त्याला संयमाची मुभा देते. सावध नेत्याला दुसरीचा आसरा वाटतो. पण ती सूचना तिथेच संपत नाही. ज्ञान्याने स्वतः योग्य आचरण करीत करीत लोकांकडून कर्मे करवून घ्यावीत असा तिचा उत्तरार्ध आहे, म्हणजे मुभा बोलण्यातल्या संयमाची आहे, वागण्यातल्या माघारीची नाही. हा क्रम घेतला तर बोलावे बेताने आणि वागावे आधी असा गीतेचा सल्ला ठरतो. मुंबईच्या परिषदेत नेमके उलट घडले: बोलणे बुद्धिभेदाच्या टोकाला गेले आणि वागणे मागे राहिले.

रानड्यांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती सर्वश्रुत आहे. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या रानड्यांनी १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. ऑक्टोबर १८९० मधल्या पंचहौद मिशनच्या चहाप्रकरणात, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून उठलेल्या वादात, त्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले तेव्हा त्यांचे स्नेही हळहळले. चहाच्या त्या प्रसंगी टिळकही हजर होते आणि प्रायश्चित्ताच्या भानगडीतून तेही सुटले नाहीत. रानड्यांच्या आणि टिळकांच्या सावधपणात एक साम्य आहे: दोघांनीही दुसऱ्यांना जे सांगितले त्याहून स्वतःकडून कमी घेतले. सुधारक आगरकरांचा दोघांवरचा रोष मुळात याच कारणाने होता.

या दोघांहून अगदी निराळ्या घडणीचा सावधपणा कोथरूडच्या अंगणात पाहायला मिळतो. डेक्कनकडून निघालेला कर्वे रस्ता नळ स्टॉप ओलांडून कोथरूडमध्ये शिरतो, 'कर्वे पुतळा' हा तेथला रोजच्या बोलण्यातला बसथांबा आहे, आणि शेजारचे हिंगणे आता कर्वेनगर म्हणून ओळखले जाते. 'गीतारहस्य' आणि धोंडो केशव कर्व्यांचे 'आत्मवृत्त' एकाच कपाटात ठेवणारा, आणि दोन्ही न उघडणारा, मध्यमवर्ग या परिसरात भरपूर आहे. कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले ते टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर, हा योगायोग म्हणून सोडून देता येतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च १८९३ मध्ये, त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. कोकणातल्या मुरूडने त्यांना वाळीत टाकले. कर्व्यांबरोबर एका जाजमावर कोणी बसू नये आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांवरही बहिष्कार पडेल, असे गावकीने ठरवले, आणि आईला व भावाला भेटायचे तर तेही चोरट्यासारखे भेटावे लागले. सुधारणेची किंमत कर्व्यांनी अशी आगाऊ भरली.

नवल वाटावे ते यानंतर. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढताना याच कर्व्यांनी पराकोटीचा सावधपणा पत्करला. आश्रमाने विधवांना शिक्षण द्यावे, त्यांच्या पुनर्विवाहाची खटपट करू नये, अशी रेघ त्यांनी आखली, आणि संशयाला जागा राहू नये म्हणून विधवाविवाहाच्या मंडळीतल्या आपल्या पदापासूनही ते पुढे दूर झाले. विधवाविवाह केलेला माणूस विधवाविवाहाचे नाव काढत नाही, हे कडव्या सुधारकांना कच खाल्ल्यासारखे वाटले. पण ज्या बापांनी आणि भावांनी आपल्या घरातल्या मुली या माणसाच्या स्वाधीन केल्या त्या या रेघेमुळेच. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा दिली, १९०० मध्ये आश्रम तेथल्या झोपडीवजा इमारतीत गेला, आणि कॉलेज सुटल्यावर कर्वे पुण्याहून ती वाट पायी तुडवत संध्याकाळी हिंगण्याला पोचत व सकाळी पुन्हा तासाला हजर होत. पावसाळ्यात चिखलाने भरणारी ही वाट आजच्या कोथरूड परिसरातली आहे, याची आठवण या भागातल्या वाहतुकीच्या कोंडीत कोणाला होत नसेल, तर त्यात दोष कोंडीचाच म्हणायचा.

कर्व्यांचा सावधपणा सर्वस्वी निर्दोष होता असे मात्र नाही. आश्रम पहिल्या काळात ब्राह्मण विधवांपुरताच होता आणि सावित्रीबाई-जोतीरावांनी १८४८ पासून पुण्यात जी दारे उघडली होती त्यांच्या तुलनेत हे दार अरुंद होते. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी सोडावी लागली आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवताना त्यांनी वडिलांच्या बेताबेताने चालण्याच्या पद्धतीला पूर्ण फाटा दिला. तरीही कर्व्यांची गती एकाच दिशेने राहिली: १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, आणि वयाच्या शहाऐंशीव्या वर्षाकडे झुकत असताना, १९४४ मध्ये, जातिभेदाविरुद्ध समता संघ. त्यांनी दुसऱ्याकडून मागितले ते थोडे थोडे मागितले, स्वतःकडून घेतले ते आधी आणि पुरते घेतले.

सावधपणाची धर्मदृष्ट्या पारख करण्याचे सूत्र या तुलनेत आहे. दुसऱ्यांवर किती ओझे टाकावे याविषयीचा सावधपणा ही करुणेची एक रीत असू शकते, कारण माणसे हळूहळूच बदलतात आणि बहिष्काराची झळ नेत्यापेक्षा त्याच्या गरीब अनुयायाला अधिक लागते. स्वतःवर किती ओझे घ्यावे याविषयीचा सावधपणा मात्र कितीही लोकहिताच्या भाषेत सांगितला तरी त्यात स्वतःचे स्थान राखण्याचा हिशेब मिसळलेला असतो, आणि तो वेगळा काढणे त्या माणसालाही बहुधा साधत नाही.

या सूत्राला अमेरिकेतल्या एका प्रसंगाने पुष्टी मिळते. गुलामगिरीतून निसटून आलेल्या आणि तिच्या निर्मूलनासाठी आयुष्य वेचलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी एप्रिल १८७६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अब्राहम लिंकन यांच्या स्मारकाच्या अनावरणप्रसंगी केलेल्या भाषणात आपला अपेक्षाभंग लपवला नाही. निर्मूलनवाद्यांच्या जागेवरून पाहिले तर लिंकन मंद, थंड आणि बेफिकीर वाटत, आणि ज्या देशाचे मत सांभाळणे त्यांना भाग होते त्या देशाच्या मापाने मोजले तर ते वेगवान आणि निर्धारी ठरतात, असा दुहेरी निवाडा त्यांनी दिला. हा निवाडा टिळकांना लागू करण्याचा मोह होतो आणि तसे प्रयत्न झालेही आहेत. परंतु डग्लस यांना तो देता आला कारण १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी मुक्तीच्या जाहीरनाम्यावर, तो कितीही अपुरा असला आणि त्यातून संघराज्याला धरून राहिलेली गुलामप्रथेची राज्ये वगळलेली असली, तरी सही केली होती. मुंबई परिषदेनंतर दहाच महिन्यांनी, जानेवारी १९१९ मध्ये, जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी म्युनिकमधल्या व्याख्यानात राजकारण्याची परिणामांची जबाबदारी ओळखणारी नीती आणि केवळ निष्ठेला जागणारी नीती असा भेद केला. सावध नेत्यांचे वकील या भेदाचा वारंवार आधार घेतात, पण परिणामांचे भान ठेवणाऱ्या प्रौढ माणसालाही एका टप्प्यावर यापुढे मागे सरणे शक्य नाही असे म्हणावे लागते, आणि तसे म्हणणारा माणूसच मनाला भिडतो, असे वेबर यांनी त्याच व्याख्यानात सांगितले होते, हे ते विसरतात.

अपेक्षाभंगाची ही साखळी शिंद्यांपाशी थांबली नाही. ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य झिजवले त्या समाजातून आलेल्या नव्या पिढीला त्यांचे मिशन हे वरून केलेल्या उपकारासारखे वाटू लागले, आणि १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन करणाऱ्या आंबेडकरांचा मार्ग त्यांच्यापासून वेगळा झाला. टिळकांना सहीसाठी विनवणारे शिंदे या पिढीच्या नजरेत स्वतःच सावध ठरले. ऑक्टोबर १९२९ मध्ये पुण्यात पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज प्रभृतींनी सत्याग्रह सुरू केला तेव्हा सत्याग्रहींना मारहाण झाली आणि मंदिर उघडले नाही. टिळकांच्या १९१८ च्या उद्गारांना तेव्हा अकरा वर्षे झाली होती, आणि मारणाऱ्यांत टिळकांचे नाव आदराने घेणारे कोणीच नव्हते असे मानणे अवघड आहे. न दिलेल्या सहीचा परिणाम मोजता येत नाही. पण श्रेष्ठाने जे प्रमाण मानले त्याच्यामागे लोक जातात हे गीतेचे म्हणणे खरे धरले, तर लोकांनी टिळकांच्या उद्गारांना प्रमाण न मानता त्यांच्या थांबलेल्या हाताला प्रमाण मानले, असा निष्कर्ष टाळता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकार परके राहिले नाही, त्यामुळे संमतिवयाच्या वेळचा आक्षेप उरला नाही. सावधपणाची सवय मात्र उरली. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी विधिमंडळात १९९५ मध्ये आली, तिच्या मसुद्यावर चर्चा, दुरुस्त्या आणि पुन्हा चर्चा होत राहिल्या, युतीची आणि आघाडीची अशी दोन्ही सरकारे आली-गेली, आणि हा कायदा वारीवर, कीर्तनावर, देवपूजेवर गदा आणील ही हाकाटी मसुद्यात तसे काही नसतानाही चालू राहिली. या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर या काळात एकेक कलम मवाळ करायला, एकेक शब्द बदलायला तयार होत गेले. कायदा कमी का होईना पण व्हावा, हा त्यांचा सावधपणा कर्व्यांच्या जातकुळीचा होता, कारण स्वतःच्या आचरणात त्यांनी काही राखून ठेवलेले नव्हते. विधेयक आपल्याला तत्त्वतः मान्य आहे, असे त्यांना सत्ताधाऱ्यांकडून वर्षानुवर्षे ऐकायला मिळाले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकमाला मंजुरी दिली, २४ ऑगस्टला तो निघाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. अठरा वर्षे लोकमत तयार नसल्याचे कारण दिले जात होते. ते लोकमत त्या चार दिवसांत बदललेले नव्हते.